समाजशास्त्राची पदवी आणि न नोंदलेले कर्ज

पदवीनंतरचे उत्पन्न व शैक्षणिक कर्ज यांच्या गुणोत्तरावरून पदवीचे मोल ठरविण्याची अमेरिकेत रूढ असलेली पद्धती वऱ्हाडात लावली, तर समाजशास्त्राची पदवी जवळजवळ कर्जमुक्त दिसते. अनुदानित महाविद्यालयांतील शुल्क अल्प असते. विद्यार्थ्याच्या नावे बँकेचे कर्ज सहसा नसतेच. 2009 मध्ये सुरू झालेली केंद्राची व्याज-अनुदान योजनाही तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतीच होती. परंतु हे चित्र फसवे होय. दर्यापूर वा अकोटच्या शेतकरी कुटुंबातून अमरावती-अकोल्यास आलेल्या विद्यार्थ्याची खोली, खानावळ आणि स्पर्धा परीक्षेचा शिकवणी वर्ग यांचा खर्च कापूस-सोयाबीनमधून भागला नाही, की तो पीककर्जात किंवा सावकाराच्या वहीत मिसळतो आणि शेतीचे कर्ज म्हणूनच गणला जातो. (ज्या कर्जबाजारीपणावर हा विद्यार्थी प्रश्नपत्रिकेत उत्तर लिहितो, त्यात त्याचे स्वतःचे शिक्षणही दडलेले असते.) उत्पन्नाची बाजूही तितकीच धूसर. सेट-नेट उत्तीर्ण होऊनही अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरील अध्यापन येते. मानधन तासांवर, तेही सत्र चालू असेपर्यंतच. अशा अध्यापकाचे वार्षिक उत्पन्न कोणते मानावयाचे? गुणोत्तर मांडावयाचेच असेल, तर पदवीधराऐवजी त्याचे कुटुंब हे एकक धरावे लागेल आणि पाहणीच्या प्रश्नावलीत घेतलेल्या पीककर्जाचा प्रत्यक्ष विनियोगही विचारावा लागेल.