ऑपेरा हाऊसची थैली

गिरगावातील रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ साली पुन्हा उघडले. त्याविषयी आमच्या वाचनात जे लेखन आले, त्यात घुमट, झुंबरे, सोनेरी नक्षी यांचे वर्णन भरभरून आढळते. हा खर्च कोणी केला आणि कशाच्या आशेने केला, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. नाट्यगृहाचा निम्माअधिक इतिहास त्याच्या जमाखर्चात दडलेला असतो, असे आमचे मत आहे.

ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊबंद. त्यात बहुधा संवादही गायिले जातात. आरंभी तो राजवाड्यांत आणि सरदारांच्या महालांत होई. रोममध्ये बार्बेरिनी घराण्याच्या आश्रयाने होणाऱ्या संगीतनाट्यांच्या संहिता ज्युलिओ रोस्पिल्योझी लिहीत, आणि हेच गृहस्थ १६६७ साली नववे क्लेमेंट या नावाने परमगुरुस्वामी झाले! व्हेनिसने १६३७ साली तिकिटाची खिडकी उघडली. तथापि केवळ तिकिटावर भागत नसे. खरा भार बॉक्स घेणाऱ्या श्रीमंत घराण्यांवर असे. मिलानचे जुने नाट्यगृह १७७६ साली जळाले, तेव्हा बॉक्सधारक घराण्यांनीच नव्याचा खर्च उचलला. त्यासाठी सांता मारिया आला स्काला हे चर्च पाडण्यात आले आणि १७७८ साली त्या जागी 'ला स्काला' उभे राहिले. चर्च गेले, नाव तेवढे उरले. पुढे त्याच नाट्यगृहाच्या दालनांत जुगाराची टेबले मांडली गेली. त्या मक्त्यावर गब्बर झालेल्या बार्बाया नामक ठेकेदारानेच रॉसिनीला नेपल्सला नेले. धर्मगुरू या नात्याने जुगाराचे समर्थन आम्हांला करता येणार नाही. परंतु कलेच्या थैलीत कुठकुठला पैसा येतो, याची नोंद टीकाकाराने केलीच पाहिजे.

मुंबईची कथा याहून बोधप्रद आहे. १७७६ साली येथील इंग्रजांनी वर्गणी काढून बाँबे ग्रीनवर नाट्यगृह बांधले. ते कर्जात बुडाले आणि १८३५ साली विकावे लागले. पुढे नाना शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर १८४६ साली ग्रँट रोडचे नाट्यगृह उघडले. सांगलीच्या संस्थानिकांचा आश्रय १८५१ साली त्यांच्या मृत्यूने संपल्यावर विष्णुदास भावे नाटक मंडळी घेऊन बाहेर पडले, ते १८५३ साली याच रंगमंचावर आले. राजाश्रय सुटला, तिकीट हाती आले. मराठी रंगभूमीचे सारे पुढचे आयुष्य या एका वाक्यात सामावले आहे.

रॉयल ऑपेरा हाऊसची कल्पना १९०८ सालची. कलकत्त्याहून कारभार चालवणारा नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाचे पारशी दलाल जहांगीर फ्रामजी कराका हे तिचे जनक. कोळशाच्या दलालीत हात काळे होतात म्हणतात. येथे त्याच दलालीतून बरोक शैलीची वास्तू उभी राहिली. १९११ साली, बांधकाम अपुरे असतानाच, पाचव्या जॉर्ज बादशहांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि १९१२ साली प्रयोग सुरू झाले. झुंबरे ससून घराण्याने दिली. सारे काही होते. नव्हता तो ऑपेरा वर्षभर पोसणारा प्रेक्षक. पुढे रंगमंच बालगंधर्वांनी आणि पृथ्वीराज कपूरांनी गाजवला, मग पडद्यावर चित्रपट आले. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी वास्तू घेतली, १९९३ साली ती बंद पडली. याच राजघराण्याने आभा नारायण लांबा यांच्या हातून तिचा जीर्णोद्धार करविला. १९१२ पासूनचा हिशेब मांडला, तर वास्तू धनिकांनी राखली आणि ती जागती ठेवली तिकीटवाल्यांनी.

ऑपेराचे खरे बीज मुंबईत रुजले ते मात्र या वास्तूच्या आधी आणि तिच्या बाहेर. एका इटालियन मंडळीचे खेळ पाहून भारावलेल्या लुकाझिन रिबेरो या गोवेकराने १८९२ साली, १७ एप्रिल या ईस्टर रविवारी, 'इटालियन भुर्गो' हा पहिला कोंकणी तियात्र मुंबईत सादर केला. त्याला राजा नव्हता, बॉक्सधारक नव्हते. पडद्यांच्या मधे कांतारां गाणारी ही रंगभूमी खलाशी, आचारी, आया यांच्या तिकिटांवर वाढली. नक्षीदार घुमटापेक्षा हा वारसा आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

उपनगरांत तर चित्र निराळेच आहे. मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे ही नाट्यगृहे महापालिकेची, म्हणजे करदात्यांच्या पैशांची. आपल्या धर्मग्रामांची सभागृहे बहुधा लोकवर्गणीतून उभी राहिली. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली दिसतात. ही वर्गणी भिंतींसाठी असते. भिंती उभ्या राहिल्या की सभागृह लग्नसमारंभांच्या भाड्यावर चालते, आणि नाटकवाल्या तरुणांनी तारीख मागितली तर त्यांना पावसाळा दाखवला जातो. २०१६ साली ऑपेरा हाऊसच्या पुनरारंभी गायिलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ या मुंबईतच जन्मल्या. त्यांच्या गळ्याला घडवणारे विद्यालय मात्र लंडनचे. तसा गळा आज अंधेरी-घाटकोपरच्या एखाद्या गायकवृंदात असेलही. मिलानचे बॉक्सधारक इमारत झाल्यावरही दरसाल रक्कम मोजत असत. आपल्या सभागृहांच्या वार्षिक हिशेबांत दिवाबत्ती, रंगरंगोटी, खुर्च्यांची दुरुस्ती ही खाती आढळतात, तालमीच्या आणि शिकवणीच्या नावाचे खाते आमच्या पाहण्यात अद्याप आलेले नाही.