समालोचनातून हरवलेले ‘म्हणे’

क्रीडा-समालोचनाला वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद येथे उपस्थित करण्याचे कारण नाही. ते बोलले जाते आणि बोलता बोलता विरून जाते. तथापि भाषेवर त्याचा ठसा उमटल्यावाचून राहत नाही. आमच्या बडोद्यासारख्या गावी नातवंडांची शाळा गुजराती वा इंग्रजी माध्यमाची असते. घराबाहेरची प्रमाण मराठी त्यांच्या कानांवर जेवढी पडते, तीत क्रिकेटच्या समालोचनाचा वाटा लहान नाही. २०२३ साली जिओसिनेमाने आयपीएलचे सामने मराठी समालोचनासह दाखविले, तेव्हा आम्हां वृद्धांना आनंद झाला तो याचसाठी. त्याच हंगामात मराठी समालोचन करीत असलेले केदार जाधव बंगळूरच्या संघात बदली खेळाडू म्हणून दाखल झाले आणि वार्ता सांगणाराच वार्तेचा विषय झाला! या भाषेची चिकित्सा साहित्यविषयक पत्रिकेत होणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

समालोचनाचे दोन प्रकार आज रूढ आहेत. एक खेळाचे, दुसरे खेळाडूंच्या संघबदलाचे. पहिल्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी मराठी समालोचनाला जे वळण लावले, त्यात एक शिस्त होती. पायचीतचे अपील कितीही जोरात झाले, तरी पंचांचे बोट वर जाईपर्यंत ‘बाद’ हा शब्द उच्चारावयाचा नाही. श्रोत्याला मैदान दिसत नसे. समालोचकाचे डोळे हेच त्याचे डोळे. त्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावयाचे, आणि अंदाज असेल तर तो अंदाज म्हणून सांगावयाचा, हा त्या व्यवसायाचा धर्म होता.

दुसऱ्या प्रकारात मैदान नाही, चेंडू नाही आणि पंचही नाहीत. आयपीएलमध्ये हंगाम संपला की संघांना आपापसांत खेळाडू देता-घेता येतात. त्यासाठी दोन्ही संघांचा करार व्हावा लागतो आणि खेळाडूची संमती लागते. बोलणी बंद दाराआड चालतात. एका संघाने दुसऱ्याला हस्तांतरापोटी किती रक्कम दिली, हे बहुधा जाहीर होतच नाही. जेथे माहिती कमी आणि कुतूहल अधिक, तेथे वदंता माजणारच. सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली, त्यांना हे निराळे सांगावयास नको. बदल्यांचा हंगाम आला म्हणजे कचेरीत कोण कोठे जाणार याच्या याद्या तोंडोतोंडी फिरत. पण आदेशावर क्रमांक व दिनांक पडेपर्यंत कोणी जुन्या खुर्चीचा कार्यभार सोडीत नसे. ऐकीव गोष्ट चहाबरोबर चाले, नस्तीवर चढत नसे.

आता आमच्या गावच्याच एका खेळाडूचे उदाहरण घेऊ. हार्दिक पंड्या सुरतेकडचा. परंतु वाढला बडोद्यात, किरण मोरे यांच्या अकादमीत. मुंबई इंडियन्सकडून २०१५ साली तो आयपीएलमध्ये आला. २०२२ मध्ये गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला आणि पहिल्याच वर्षी त्याने त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. २०२३ च्या नोव्हेंबरात तो मुंबईस परत जाणार अशी बोलवा उठली. २६ नोव्हेंबर हा कोणते खेळाडू राखले ते जाहीर करण्याचा शेवटचा दिवस. त्या सायंकाळी गुजरातच्या यादीत हार्दिकचे नाव होते. २७ तारखेस मात्र तो मुंबईकडे गेल्याची अधिकृत घोषणा झाली.

येथे वाचक आम्हांस अडवतील. या प्रकरणी वदंता खरी ठरली आणि कागद मागे पडला. मग कागदाची एवढी महती कशाला? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण आम्ही निवडले. आमचे म्हणणे असे नाही की, घोषणा होईपर्यंत समालोचकाने मौन पाळावे. पत्रकाराने शोध घ्यावा, आधी कळले ते आधी सांगावे. तेच त्याचे काम. आमचा प्रश्न एवढाच की, तो हे कशावरून सांगतो आहे, हे श्रोत्याला कळते काय? पुढे खरी ठरलेली ऐकीव गोष्टही सांगितली त्या घटकेला ऐकीवच असते. दहा भाकितांपैकी एक फळले की उरलेली नऊ विसरली जातात आणि सांगणारा जाणकार ठरतो. ज्योतिषाला हे चालेल. समालोचकाला चालू नये.

आणि या कामासाठी मराठीने एक अत्यंत नेमके साधन दिलेले आहे. ‘हार्दिक मुंबईला चालला’ आणि ‘हार्दिक मुंबईला चालला म्हणे’ ही दोन वाक्ये एकच नव्हेत. त्या ‘म्हणे’त किती गोष्टी सामावल्या आहेत! मी पाहिले नाही, ऐकले, खरे असेल, नसेलही, माझ्या जिवावर पुढे सांगू नका. दोन अक्षरांत वक्ता आपली जबाबदारी मोजून देतो. आमच्या आज्या-पणज्यांनी हा शब्द विहिरीवर, ओसरीवर किती काटेकोरपणे वापरला! आजच्या संघबदलाच्या चर्चेतून तो हद्दपार झाला आहे. त्याच्या जागी ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आले. ‘म्हणे’ने वाक्याचे वजन कमी होत असे, ‘सूत्रां’नी ते वाढते. पहिला शब्द ऐकणाऱ्याला सावध करतो, दुसरा त्याला निर्धास्त करतो. सूत्र म्हणजे धागा. पण येथे त्या धाग्याचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, ते कळण्याचा मार्गच नाही. क्रियापदांचीही तीच गत. ‘जाण्याची शक्यता’ सकाळी, ‘जाणार’ दुपारी आणि ‘गेला’ रात्री. मधल्या काळात नवे काहीही कळलेले नसते, केवळ घड्याळ पुढे सरकलेले असते.

दुसरा दोष शब्दयोजनेचा. ‘अमुक इतक्या कोटींना विकला गेला’ हे वाक्य लिलावापासून रूढ झाले आणि संघबदलालाही चिकटले. वस्तुतः येथे विकला जातो तो करार. २०२५ च्या नोव्हेंबरात संजू सॅमसन राजस्थानकडून चेन्नईकडे गेला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन चेन्नईकडून राजस्थानकडे आले. या व्यवहारात जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. याच जडेजाला २०१० साली, राजस्थानशी करार असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल एक हंगाम बाहेर बसावे लागले होते. खेळाडूचे स्वातंत्र्य किती, बंधन किती, मानधन का उतरते, या प्रश्नांत चर्चेला केवढे तरी खाद्य आहे. पण ‘विकला गेला’ म्हटले की प्रश्नच संपतात. माणूस माल होतो. त्यापेक्षा ‘संघांतर’ किंवा साधे ‘अदलाबदल’ काय वाईट?

संघ बदलणे ही नवी गोष्टही नव्हे. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. बडोद्याकडून विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे सांगलीचे, गुल महंमद लाहोरचे. समोर होळकरांचा संघ, आणि त्याचे कर्णधार सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. विजय मांजरेकर तर रणजीत सहा संघांकडून खेळले. संस्थानाने बोलावले, चाकरी दिली, माणूस गेला आणि जेथे गेला तेथला झाला. आपली घराणी तरी याहून वेगळ्या वाटेने आली काय? कोणी गायकवाडांच्या, कोणी होळकर-शिंद्यांच्या चाकरीसाठी घाट उतरले वा नर्मदा ओलांडली. पोटासाठी गाव बदलणे म्हणजे विश्वासघात नव्हे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

हे विसरले म्हणजे काय होते, ते २०२४ साली दिसले. रोहित शर्माच्या जागी हार्दिकला मुंबईचे कर्णधारपद मिळाले होते. त्याने संघ सोडल्याचा राग अहमदाबादेत आणि रोहितला बाजूला सारल्याचा राग मुंबईत, असा तो दोहींकडून हुर्यो झेलीत होता. कर्णधार नेमण्याचा निर्णय संघचालकांचा, शिव्या खेळाडूला! याचा सगळा दोष समालोचकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. प्रेक्षकांचे प्रेम आंधळे असतेच. परंतु महिनोन्महिने एखाद्या करारबदलाची कथा निष्ठा आणि दगा यांच्या भाषेत सांगितली गेली, तर मैदानावर तीच भाषा उमटते. १ एप्रिल रोजी वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी हुर्यो सुरू झाली. तेव्हा संजय मांजरेकरांनी टाळ्यांची विनंती केली आणि प्रेक्षकांना एकाच शब्दात बजावले, ‘बिहेव्ह’. ज्यांच्या वडिलांनी सहा संघांचे पाणी चाखले, त्यांच्याच तोंडून हा शब्द यावा, यात औचित्य होते. आवाज थांबला नाही. पण समालोचक गर्दीच्या मागे न जाता तिच्यापुढे उभा राहिला.

मांजरेकरांची सर्वच मते ग्राह्य आहेत असे नव्हे. २०१९ च्या विश्वचषकात त्यांनी जडेजाची ‘तुकड्यातुकड्यांचा खेळाडू’ अशा अर्थाने संभावना केली. उपान्त्य सामन्यात जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा काढल्या, आणि आपले मत खोटे पडल्याचे मांजरेकरांनी जाहीरपणे मान्य केले. मत चुकले, ते मैदानावर तपासले गेले आणि बोलणाऱ्याने त्याचा हिशेब दिला. वदंतेचा असा हिशेब कोणीच देत नाही, कारण ती कोणाच्या नावावर लिहिलेलीच नसते.

हार्दिकच्या कथेचा पुढील भाग सर्वश्रुत आहे. त्या हंगामात मुंबई तळाला राहिली. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक त्याने टाकले आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. माणूस तोच होता, करारही तोच होता. बदलली होती ती केवळ त्याच्याविषयी बोलण्याची भाषा.

मराठी समालोचक आज संख्येने वाढत आहेत आणि त्यांपैकी अनेकांजवळ खेळाची उत्तम जाण आहे. त्यांच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. पाहिले ते पाहिले म्हणून सांगावे, कळले ते कोणाकडून कळले याच्यासह सांगावे, आणि यांपैकी काहीच नसेल तर वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावावे. आमची नातवंडे मराठी तुमच्या तोंडून शिकत आहेत. त्यांना षटकार आणि चौकार तुम्ही शिकवालच. ऐकीव आणि खरे यांतला भेद सांगणारा हा लहानसा शब्दही त्यांच्या पदरी पडावा.