नव्या डेस्कटॉपचा पाया आणि मराठी ‘दर्या’

लिनक्सच्या एखाद्या वितरणात नवे डेस्कटॉप दाखल करणे म्हणजे केवळ वेषांतर, हा समज उथळ होय. 2018 साली लुबुंटूने एलएक्सडीई सोडून एलएक्सक्यूटी स्वीकारले, तेव्हा जीटीकेच्या जागी क्यूटी हा निराळा पायाच आला. मुरुडच्या कोळ्याचा ‘दर्या’ आणि सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ यांत भेद एका रफाराचा. पडद्यावर तो बिघडला की अर्थच बुडाला! सुदैवाने हार्फबझ ही अक्षरजुळणीची यंत्रणा दोन्ही पायांना उपलब्ध असल्याने ते संकट बहुधा टळते. अनुवादाचे मात्र तसे नाही. जुन्या डेस्कटॉपमधील मराठी शब्द नव्यात आपोआप उतरत नाहीत. कुणा स्वयंसेवकास ते पुन्हा घडवावे लागतात. निवडीच्या चर्चेत मेमरीचा हिशेब काटेकोरपणे होतो, या श्रमाचा क्वचितच. आणि मराठी वाचकापुढे कित्येकदा अर्धा पडदा इंग्रजीतच उरतो.