कुलूप कुणी उघडायचे?

आरन स्वार्ट्झ या अमेरिकन तरुणाने 2008 साली ‘गुरिला ओपन ॲक्सेस मॅनिफेस्टो’ हा छोटा जाहीरनामा लिहिला. वर्गणीच्या कुलपाआडचे शोधनिबंध सर्वांना खुले करा, ही त्याची मागणी. एम.आय.टी.तून जेस्टोर या निबंधसंग्रहातले लाखो लेख उतरवून घेतल्याबद्दल 2011 मध्ये त्याला अटक झाली. जेस्टोरने त्याच्याशी मिटवून घेतले. सरकारने मात्र खटला सोडला नाही. 2012 मध्ये आरोप 13 झाले. हेतूचा पुरावा म्हणून सरकारी वकिलांनी या जाहीरनाम्याचाच आधार घेतला. 11 जानेवारी 2013 रोजी, सव्विसाव्या वर्षी, स्वार्ट्झने आत्महत्या केली.

लेखनच गुन्ह्याचा पुरावा ठरते तेव्हा समीक्षेला गप्प बसता येत नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ज्ञानासाठी शिक्षा म्हणजे काय, हे आम्हाला शंबूकापासून ठाऊक आहे.

तरीही या जाहीरनाम्यात मला एक उणीव दिसते. कुंपणाबाहेरच्यांची दखल तो घेतो, पण त्याची मुख्य हाक आतल्यांना आहे: तुमच्याजवळचे वाटा. देणाऱ्याचे मन कितीही मोठे असो, घेणारा घेणाराच राहतो. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी कुणाकडे ओंजळभर पाणी मागितले नाही. लोकांना घेऊन ते स्वतः तळ्यावर गेले.

स्वार्ट्झचे ऋण मी मानतो. विद्यार्थ्यांना त्याचा जाहीरनामा वाचायला देताना मात्र एवढेच विचारतो: हा आपण लिहिला असता, तर पहिली हाक कुणाला दिली असती?