स्कीफानोया प्रासादातील कृष्णवर्णी पुरुष

फेरारा नगरीतील स्कीफानोया प्रासाद एस्ते घराण्याने १३८५ मध्ये विरंगुळ्यासाठी बांधला; ‘कंटाळा टाळणे’ असाच त्याच्या नावाचा अर्थ. तेथील ‘महिन्यांच्या दालना’तील भित्तिचित्रे (सुमारे १४७०) पुढे चुन्याखाली गेली व एकोणिसाव्या शतकात पुन्हा उजेडात आली. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे: वर देवतेचा रथ, खाली ड्यूक बोर्सोचा दरबार आणि मध्ये राशीसह तीन गूढ आकृती.

मार्चमधील मेषेपाशी फाटक्या शुभ्र वस्त्रांतला, कमरेच्या दोराचे टोक धरलेला कृष्णवर्णी पुरुष उभा आहे. तो कोण, हे १९१२ मध्ये आबी वारबुर्ग यांनी रोममधील व्याख्यानात उलगडले. हा मेषेचा पहिला द्रेष्काण! वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’तील काळा, आरक्तनेत्र पुरुष अबू माशरच्या अरबी ग्रंथाद्वारे युरोपात पोहोचला होता. फलज्योतिषावर आमची श्रद्धा नाही. तरीही या परक्या पाहुण्याच्या मुद्रेत जे गांभीर्य आहे, ते खालच्या पट्ट्यातील सदा सुहास्यवदन बोर्सोत आम्हांस आढळत नाही. तेथे स्तुतीच फार.

ही मार्चची भिंत रंगविणाऱ्या फ्रांचेस्को देल कोस्साने २५ मार्च १४७० रोजी ड्यूकला पत्र लिहिले: सामान्य उमेदवारांप्रमाणे आपल्यालाही फुटाच्या मापाने मोबदला का? ठरलेल्या दरातच समाधान मानावे, असे उत्तर आले. कोस्सा पुढे बोलोन्यास जाऊन राहिला.