समुद्राखालून येणारी 'स्वच्छ' वीज

नॉर्वेतील क्विलडाल ते इंग्लंडमधील ब्लाइद अशी ७२० किलोमीटर लांबीची 'नॉर्थ सी लिंक' ही केबल ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली. तिची क्षमता १४०० मेगावॉट आहे. 'स्वच्छ विजेची आयात' असे तिचे वर्णन केले जाते. आम्हांस ते अपुरे वाटते.

तांत्रिक बाजूबद्दल तक्रार नाही. इतक्या लांब केबलमध्ये प्रत्यावर्ती प्रवाह सोडला, तर त्याचा मोठा भाग धारित्रासारख्या वागणाऱ्या केबललाच भारित करण्यात गुंतून पडेल. म्हणून येथे एकदिश प्रवाह वापरतात. प्रश्न हिशेबाचा आहे. नॉर्वेची सुमारे ९० टक्के वीज पाण्यापासून मिळते हे खरे. पण धरणातले पाणी मोजकेच असते. आज ब्रिटनसाठी सोडलेले पाणी उद्या नॉर्वेच्या कामी येत नाही. २०२२ मध्ये दक्षिण नॉर्वेतील जलाशय खालावले, युरोपात गॅस महागला आणि तेथील विजेचे दर उत्तर नॉर्वेच्या कितीतरी पट झाले. केबल हे त्याचे एकमेव कारण नव्हते. पण तारेतून वीज बाहेर गेली, तसे बाहेरचे दर आत आले.

मग केबल निरुपयोगी का? मुळीच नाही. ब्रिटनमध्ये वारा भरपूर असला की वीज नॉर्वेकडे वाहते आणि तेवढे पाणी धरणात शिल्लक राहते. कार्बन वाचतो तो या देवघेवीमुळे.

वर्गात हा विषय निघाला, तर 'वीज कोठून आली?' याबरोबर 'त्यामुळे तेथे काय कमी झाले?' हेही अवश्य विचारावे.