वेताळ मरतो, म्हणून आवडतो

आवडता वीर कोण, असं विचारलं की आपल्या पोरांचं उत्तर तयार असतं. बाबासाहेब. बरोबरच आहे. पण मी विचारतोय ते चित्रांच्या पुस्तकातल्या वीराबद्दल. जो चोरून वाचला, ज्याच्यासारखी बुक्की भावाच्या पाठीत घालून पाहिली, तो कोण? लाज न बाळगता सांगा. मी सांगतो. माझा वेताळ.

बोदलकसाला तलावाच्या पाळीवर चार कार्यकर्ते बसलो होतो, तेव्हा हे बोललो. एकजण भडकलाच. "काय गा भाऊ, काळ्या माणसावर गोऱ्याचं राज्य दाखवणारं ते पुस्तक, अन् तुम्ही त्याचं कौतुक करता?" प्रश्न खरा होता. तिथं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहितो.

वेताळ म्हंजे अमेरिकेतला फँटम. ली फॉक नावाच्या लेखकानं १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रात त्याची गोष्ट सुरू केली. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीनं १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स काढलं, ते मराठीतही आलं, आणि फँटमचा वेताळ झाला. १९९० ला इंद्रजाल बंद पडलं. आमच्या हाती आलं ते रद्दीतून, मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटची पानं गेलेली. गोष्टीचा शेवट आम्हीच करायचो.

नाव मात्र नेमकं बसलं. वेताळ म्हंजे भुतांचा राजा. त्याचा शेंदूर फासलेला दगड गावाच्या मधोमध नसतो, वेशीकडं असतो. वेशीबाहेर आणखी कोण होतं? आपण. वेस राखणारा वेसकर महारच होता. गावाच्या लेखी रात्री वेशीबाहेर दोघंच जागे, भूत आणि महार. तेव्हा गावाबाहेरच्याचं नाव घेऊन आलेला हा वीर आमच्या वस्तीला परका वाटला नाही. राम-कृष्णाच्या गोष्टीत आम्हाला जागा शोधावी लागायची. इथं नावातच ओळख निघाली.

आता त्याच्या विरोधात जे आहे ते आधी मांडतो. मी त्याची वकिली करायला बसलेलो नाही.

जंगल आफ्रिकेतलं, माणसं काळी आणि न्याय देणारा गोरा. चारशे वर्षांत त्या जंगलातल्या एकाही काळ्या माणसाला तो मुखवटा चढवायला मिळत नाही. गुरान हा वेताळाचा लहानपणापासूनचा मित्र, बांदार जमातीचा प्रमुख. बांदारांच्या विषारी बाणांशिवाय वेताळाची गुहा एक दिवस टिकायची नाही. पण गुरान जन्मला गुरान, मरणार गुरान. आणि जमातीचं नाव बघा. हिंदी ऐकून वाढलेल्या आपल्या गोंदियाच्या कानाला ते 'बंदर' ऐकू येतं. जंगलातली माणसं म्हंजे वानर आणि त्यांना हाताशी धरून लढणारा वीर बाहेरून आलेला. ही गोष्ट आपण आधीही ऐकली आहे.

इंद्रजालवाल्यांनी काळजी घेतली ती वेगळीच. मूळ गोष्टीतले चाचे 'सिंग' नावाचे आणि देशाच्या नावात बंगालचा वास. इकडं सिंगचं सिंगा झालं, देशाचं डेंकाली झालं. नावं बदलली. गोरा वर आणि काळा खाली, ही उतरंड जशीच्या तशी ठेवली. हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आणि जंगल! बोदलकसाच्या माणसाला जंगल शिकवावं लागत नाही. पहाटे मोहफुलं वेचायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, आणि मागून कोण हाक मारतो याकडं कान ठेवायचा. शेजारच्या नागझिऱ्याचं १९७० ला अभयारण्य झालं, २०१३ ला व्याघ्र प्रकल्प. जंगल कुणाचं, हा इथला रोजचा प्रश्न आहे. वेताळाच्या पुस्तकात तो प्रश्नच नाही. तिथल्या जंगल गस्ती दलाचा गुप्त सेनापतीसुद्धा वेताळच. दाद कुणाकडं मागायची?

शेवटचा आरोप सगळ्यात मोठा. वेताळपण रक्तानं येतं. बापाकडून पोराकडं, एकवीस पिढ्या. वेताळाचं १९७७ मध्ये डायनाशी लग्न झालं, जुळी झाली, किट आणि हेलोईज. परंपरेनं मुखवटा किटचा. हेलोईज मुलगी. ज्या १९३६ साली तिकडं ही रक्ताची गोष्ट सुरू झाली, त्याच साली इकडं लाहोरच्या मंडळानं होऊ न दिलेलं जातिनिर्मूलनाचं भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून काढलं. जन्मानं माणसाचं काम ठरवणं मोडा, असं सांगणारं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. डोकं साफ होतं.

एवढं सगळं असून आवडतो का? तो मरतो म्हणून.

सुपरमॅन १९३८ चा. तो दुसऱ्या ग्रहावरून पडला, ताकद घेऊनच. म्हंजे अवतारच झाला. त्याच्यासारखं व्हायचं तर जन्मच वेगळा पाहिजे. वेताळाला एकही दैवी शक्ती नाही. गोळी लागली तर रक्त येतं. १५३६ साली चाच्यांनी बाप मारला, पोरगा लाटांबरोबर किनाऱ्याला लागला, बांदारांनी त्याला जगवला. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं अन्यायाशी लढायची शपथ घेतली. तो मेला. पोरानं तेच कपडे चढवले. तो मेला, त्याच्या पोरानं चढवले. जगाला वाटतं एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. गुहेत मात्र कबरी आहेत.

लहानपणी मीही त्याला अमर समजत होतो. मग एका अंकात बाप मरताना आणि पोरगा मुखवटा उचलताना पाहिला. हात थांबला. हा देव नाही तर! चमत्कार म्हंजे कपडे बदलणं. देव कसा बनवतात, हे मला कुठल्या प्रबोधनाच्या भाषणाआधी त्या दोन आण्याच्या रद्दीनं शिकवलं. पहिल्या वेताळाच्या गोष्टीत तर हे उघडच आहे. बांदार हे वसाका नावाच्या जमातीचे गुलाम होते. त्यानं मालकांच्याच देवासारखा वेश केला आणि गुलामांना घेऊन मालकांवर चालून गेला. मालक ज्याला भितात तो देव आतून पोकळ असतो. त्यात कुणीही शिरू शकतो.

दुसरं, तो लिहितो. कवटीच्या गुहेत जाड वह्यांच्या रांगा आहेत. प्रत्येक वेताळ आपण काय केलं ते लिहून ठेवतो, पुढचा ते वाचतो. बुक्कीपेक्षा मला त्या वह्या मोठ्या वाटतात. आपल्या आज्या-पणज्यांची एक तरी वही आहे का? नव्हती, कारण लिहू दिलं नाही. म्हणून तर हे स्टेन्सिल कापायचं आणि हात काळे करायचे.

मित्र म्हणतील, मग ब्लॅक पँथर घ्या ना, काळा आहे. घेतला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी जुलै १९६६ च्या अंकात तो आणला. ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली ती ऑक्टोबर १९६६ ला. पुढं १९७२ मध्ये, पार्टीशी नाव जोडलं जाऊ नये म्हणून, पुस्तकात त्याला काही काळ 'ब्लॅक लेपर्ड' म्हणवून घ्यायला लावलं. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिकडं ज्या नावाची अडचण झाली, ते नाव आपल्या पोरांनी अंगावर घेतलं. पण पुस्तकातला पँथर राजा आहे, राजाचा पोरगा आहे. २०१८ च्या सिनेमाला मीही टाळ्या वाजवल्या. पण गादी ती गादीच.

आपली पँथर तशी नव्हती. मार्च १९७७ ला राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी ती बरखास्त केली. दुसऱ्यांनी भारतीय दलित पँथर म्हणून नाव पुढं नेलं. बरोबर कोण, चूक कोण, हा वाद वेगळा. मुखवटा पुढं गेला, कारण तो कुणाच्या बापाचा नव्हता.

आता बाबासाहेबांकडं येतो, कारण खरी परीक्षा तिथं आहे. पुस्तकातला वीर हरत नाही. आपला माणूस १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, १९९९ ला वेगळा झाला. म्हंजे तो आपल्याच मुलखात हरला. हे आपण पोरांना सांगतो का? २०११ च्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्याला तहानलेलं पोरगं म्हणून काढलं. जातीचं विष ओकणाऱ्यांच्या बोलण्याला त्यांनी विंचवाची नांगी काढली. तहान लागणारा, हरणारा वीर. त्या चित्रापुढं मी बराच वेळ थांबलो.

आणि शपथ. वेताळाची शपथ अंधाऱ्या गुहेत, एकट्यानं, कवटीवर घ्यायची, फक्त पोरासाठी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा झाल्या त्या उघड्या मैदानात, दिवसाउजेडी, लाखो बाया-माणसांच्या तोंडून. मुखवटा नाही, गुपित नाही, वारस नाही. ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, तो माणूस गेला. शपथ गेली नाही. ती एकाला दिलीच नव्हती.

वेताळात आणि आपल्यात फरक तो हाच. आणि हाच फरक आपण पुसत चाललोय. 'अमर रहे' ओरडतो आणि प्रतिज्ञा किती पाठ आहेत विचारलं तर खाली बघतो. पुतळ्याला निळा कोट चढवतो आणि संघटनेची गादी पुढाऱ्याच्या पोराला देतो. तीही गुहाच की. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, हे २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनीच बजावलं होतं. भक्ताला वेताळ अमर वाटतो. गुरानला ठाऊक असतं की तो मरतो, म्हणून गुरान बाण तयार ठेवतो. चळवळीला गुरान पाहिजेत, आणि मुखवटा त्यांच्याही हाताला लागला पाहिजे, त्यांच्या पोरींच्याही.

तेव्हा पाळीवर भडकलेल्या मित्रा, पुस्तक जाळू नको. विहारात पोरांना दे. शेवटची पानं फाडून दे. वेताळ मेला, आता मुखवटा कोण घालणार, ते त्यांना लिहू दे.

आणि वाचकांनो, तुमचा वीर कोण ते लिहून पाठवा. नुसतं नाव नको. तो मेल्यावर काम कोण करतं, ते लिहा.